फिलिपिन्सची साळुंकी: माथ्युरँ ब्रिसाँ या वर्गीकरणकाराचं एक प्रकरण

साळुंकीचं शास्त्रीय नाव अक्रिडोथेरिस ट्रिस्टिस. पहिला शब्द ग्रीक मुळांचा, अर्थ टोळांची शिकार करणारा. तो पटतो. दुसरा लॅटिन, अर्थ उदास, खिन्न. इथे मात्र कुणीही अडखळेल. एसटी स्टँडवर प्रवाशांच्या पायांमधून वडापावचा चुरा उचलत फिरणारी, भल्या सकाळी गॅलरीच्या कठड्यावर येऊन घर डोक्यावर घेणारी, जोडीदाराशी कडाकडा भांडून पुन्हा त्याच्याच शेजारी बसणारी साळुंकी कुणाला कधी उदास दिसली असेल?

पक्ष्यांच्या यादीत या नावापुढे कंसात लिहिलेलं असतं: (लिनियस, 1766). म्हणजे नाव ठेवलं स्वीडनच्या कार्ल लिनियसने. पण लिनियसने साळुंकी पाहून हे नाव दिलं नव्हतं. त्याच्यापुढे होतं एक फ्रेंच पुस्तक. त्या पुस्तकात हिचं वर्णन होतं, लॅटिन नावही होतं आणि गावाचा पत्ता होता, जो साफ चुकीचा होता. पुस्तकाचा कर्ता माथ्युरँ जाक ब्रिसाँ. यादीत आज त्याचा मागमूस नाही. तो का नाही, आणि नसूनही टिटवीपासून तरसापर्यंत आपल्या ओळखीच्या कितीतरी प्राण्यांच्या नावात तो कसा टिकून आहे, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

माणूस आणि कपाट

ब्रिसाँचा जन्म 1723चा, पश्चिम फ्रान्सातल्या फोंतने-ल-कोंत या गावचा. पुढे तो पॅरिसला धर्मशिक्षणासाठी गेला, पण पाद्री झाला नाही. 1749च्या सुमारास त्याला नोकरी मिळाली ती रेओम्यूरकडे. हा रेओम्यूर म्हणजे ज्याच्या तापमापकात पाणी शून्यावर गोठतं आणि 80 अंशांवर उकळतं, तोच. पण तापमापक हा त्याचा एक उद्योग. कीटकांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले, कृत्रिम उष्णतेने कोंबडीची अंडी उबवून दाखवली, आणि पॅरिसमधल्या घरी मेलेल्या पक्ष्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. या संग्रहाची देखरेख ब्रिसाँकडे आली.

त्या काळी मेलेला पक्षी टिकवणं हीच मोठी कला होती. मॉरिशस किंवा पाँडिचेरीहून निघालेलं जहाज फ्रान्सला पोचायला कित्येक महिने लागत. तेवढ्या वेळात कातडं कुजे, उरलेलं किडे खात. रेओम्यूरने यावर उपाय शोधले: पक्षी मद्यार्कात बुडवून पाठवायचे, किंवा भट्टीच्या मंद आचेवर वाळवायचे. पक्षी पाठवणाऱ्यांसाठी त्याने तशा सूचनाच लिहून ठेवल्या होत्या. सेनेगलहून मिशेल आदाँसाँने पक्षी पाठवले, मादागास्करहून पिएर प्वाव्रने. हाच प्वाव्र पुढे लवंग-जायफळाची रोपं डचांच्या बेटांवरून पळवून मॉरिशसला नेणारा म्हणून गाजला. पॅरिसमध्ये असे आणखीही खासगी संग्रह होते, आणि तिथेही ब्रिसाँची ये-जा होती.

थोडक्यात, जगभरचे पक्षी एका माणसाच्या हाताखाली आले होते. ते सगळे मेलेले, वाळलेले, अनेकांचे रंग उतरलेले. आवाज नाही, उडणं नाही, घरटं नाही. ब्रिसाँची ताकद आणि मर्यादा, दोन्ही या कपाटातूनच येतात. साळुंकी तारेवर बसून किती प्रकारचे आवाज काढते हे त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

चौकट कशी उभी केली

1756 साली त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं. प्राणिसृष्टीचे त्याने नऊ वर्ग पाडले: चतुष्पाद, देवमासे, पक्षी, सरपटणारे, कूर्चामासे, हाडांचे मासे, कवचधारी, कीटक आणि कृमी. यादी साधी वाटते, पण दोन गोष्टी नजरेत भराव्यात. शार्क-पाकट यांसारखे कूर्चामासे त्याने इतर माशांपासून वेगळे काढले. आणि देवमाशाला माशांतून पार बाहेर काढून त्याचा स्वतंत्र वर्ग केला. लिनियसने देवमासे सस्तन प्राण्यांत घातले ते 1758मध्ये. त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाच्या तोवरच्या आवृत्त्यांत ते मासेच होते. आपल्या भाषेत तर देवमासा अजून मासाच आहे, त्यामुळे ब्रिसाँच्या समकालीनांना हसायचा अधिकार आपल्याला फारसा नाही. बरं, ब्रिसाँनेही देवमाशाला घोडा-कुत्र्यांच्या पंगतीत बसवलं नाही, शेजारी वेगळं पान वाढलं. ती शेवटची उडी लिनियसची.

नऊपैकी पहिले दोनच वर्ग त्या पुस्तकात तपशीलवार आले. तिसरा, म्हणजे पक्षी, त्याने 1760 साली सहा खंडांत छापला. एका बाजूला फ्रेंच, शेजारी लॅटिन. मार्तिने नावाच्या चित्रकाराने कोरलेली अडीचशेहून अधिक चित्रं. उपप्रकार धरून सुमारे 1500 पक्षी. पक्ष्यांचे गण 26 आणि वंश 115. दोनच वर्षांपूर्वी, 1758मध्ये, लिनियसने साऱ्या पक्षिजगताची वाटणी 6 गण, 63 वंश आणि 564 जातींत केली होती.

गण, वंश, जाती हे शब्द पुढे पुन्हा येणार आहेत, म्हणून एकदा सांगून टाकतो. टिटवी ही एक जाती. तिच्यासारख्या पक्ष्यांचा मिळून एक वंश. अशा अनेक वंशांचा मिळून वरचा मोठा कप्पा तो गण. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा.

ब्रिसाँचे निकष पाय आणि चोच. बोटं पडद्याने जोडलेली की सुटी, पुढे किती, मागे किती, चोच सरळ की आकडेदार, टोकाला खाच आहे का. मेलेल्या पक्ष्यावर तपासता येईल तेवढंच. अशा निकषांवर केलेली वाटणी कधीकधी हास्यास्पद होते, ब्रिसाँचीही काही ठिकाणी झाली. पण खाटीक पक्ष्याचं उदाहरण पाहा. बाभळीच्या काट्याला किडे, सरडे टोचून ठेवणारा, टोकाला वळलेल्या चोचीचा हा छोटा पक्षी लिनियसने 1758मध्ये गरुड-ससाण्यांच्या गणात टाकला होता. ब्रिसाँने त्याला कस्तूर आणि माशीमार पक्ष्यांजवळ नेऊन ठेवलं. आजही तो गाणाऱ्या पक्ष्यांतच मोजतात. कबुतरं लिनियसने चिमण्या-चंडोलांच्या गणात घातली होती. ब्रिसाँने त्यांना स्वतंत्र गण दिला, तोही पहिला. कबुतरांचा स्वतंत्र गण आजही आहे.

दोन तारे

एवढं असूनही मला ब्रिसाँच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट यातली कुठलीच वाटत नाही. ती आहे समासातली एक बारीकशी खूण.

एखाद्या पक्ष्याचं वर्णन त्याने स्वतः नमुना हातात घेऊन केलं असेल, तर तो परिच्छेदाच्या सुरुवातीला समासात दोन तारे काढतो. तारे नसतील तर समजायचं, हे दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं आहे.

हे किती मोठं होतं हे कळायला त्याआधीची पुस्तकं कशी होती ते आठवावं लागेल. प्राण्यांवरच्या ग्रंथांत शतकानुशतकं पाहिलेलं, ऐकलेलं आणि आधीच्या पोथीतून उतरवलेलं एकाच सुरात येई. कुणा प्रवाशाने सांगितलेला बिनपायाचा पक्षी आणि अंगणातला कोंबडा सारख्याच खात्रीने शेजारी शेजारी उभे असत. कुणाचा दाखला कितपत धरायचा हे वाचकाने आपलं आपण ठरवायचं. ब्रिसाँने ती जबाबदारी स्वतःवर घेतली. इतकं पाहिलं, इतकं पाहिलं नाही.

दोन तारे असतील तिथे मग मोजमाप येतं. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत किती इंच आणि किती रेषा (फ्रेंच इंचाच्या बाराव्या भागाला रेषा म्हणत, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास). चोच किती, पाय किती, पंख मिटल्यावर ते शेपटीवर कुठवर पोचतात. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत पिसागणिक रंग. वाचायला हे भयंकर कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला. शेजारी ब्यूफाँ, त्याच काळचा गाजलेला फ्रेंच निसर्गलेखक, ठेवला तर ब्रिसाँ म्हणजे तलाठ्याचं दप्तर. पण तलाठ्याच्या दप्तरावरच पुढे दावे लागतात. त्या काळातली वाळवलेली कातडी बहुतेक किड्यांनी खाल्ली. ती कशी होती हे आज कळतं ते या कंटाळवाण्या ओळींतून आणि मार्तिनेच्या चित्रांतून.

साळुंकीची नोंद

दुसऱ्या खंडात ब्रिसाँने साळुंकीचं वर्णन केलं. फ्रेंचमध्ये नाव दिलं 'फिलिपिन्सची कस्तूर', लॅटिनमध्ये मेरुला फिलिपेन्सिस. नमुना फिलिपिन्सहून आला अशी त्याची समजूत होती. साळुंकी मुळात तिकडची नाहीच. वर्णन अचूक, पत्ता चुकलेला. मनिलाकडचा माल आणि पाँडिचेरीकडचा माल एकाच बंदरात उतरत असेल तर एखादी चिठ्ठी इकडची तिकडे लागायला कितीसा वेळ?

दोन तारे कुठवर पुरतात हे इथे दिसतं. हातातला पक्षी ब्रिसाँने तपासला, पण त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी तपासायचं कुठलंच साधन त्याच्याजवळ नव्हतं. पत्त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या शब्दावरच विसंबावं लागलं, आणि त्यासाठी समासात वेगळी खूण नव्हती.

आता लिनियसकडे येऊ. 1766 साली त्याने आपल्या ग्रंथाची बारावी आवृत्ती काढली. तिच्यात ब्रिसाँने आधी वर्णन केलेल्या 240 पक्ष्यांची भर होती. साळुंकी त्यांतलीच एक. लिनियसने दोन-चार शब्दांत वर्णन आटोपलं, ब्रिसाँच्या पुस्तकाचा हवाला दिला आणि नाव ठेवलं पॅराडिसिया ट्रिस्टिस. न्यू गिनीच्या झगमगीत पिसांच्या 'स्वर्गपक्ष्यां'चा वंश, त्यात ही तपकिरी साळुंकी, म्हणून बहुधा 'उदास'. आपल्या साळुंकीचा रंग ब्रिसाँच्या मोजपट्टीत नुसता तपकिरी होता. लिनियसने तिला चुकीच्या वरातीत नेऊन उभं केलं आणि तिथे ती सुतकी दिसली.

पुढे वंश बदलला. 1816 साली व्हिएयो या दुसऱ्या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने अक्रिडोथेरिस हा वंश केला. मूळ ठिकाणाचा पत्ताही नंतर दुरुस्त होऊन फिलिपिन्सऐवजी पाँडिचेरी झाला. पण जातीचं नाव पहिलं असेल तेच चालवायचं, हा नियम. म्हणून ट्रिस्टिस कायम राहिलं. फ्रेंच लोक तर साळुंकीला आजही मार्तँ त्रिस्त म्हणतात.

ब्रिसाँचं नाव का धरलं नाही

मेरुला फिलिपेन्सिस. दोन शब्द, लॅटिन, 1760 साल. ट्रिस्टिसच्या सहा वर्षं आधी. मग मान पहिल्याला का नाही?

कारण ते दोन शब्द योगायोगाने दोन होते. ब्रिसाँच्या पुस्तकात काही पक्ष्यांचं नाव एकशब्दी आहे, काहींचं दोन, काहींचं तीन-चार शब्दांचं. त्याच्यासाठी नाव म्हणजे छोटं वर्णन: कुठला, कसा, तुरा आहे की नाही. लिनियसने 1758मध्ये ठरवलं की प्रत्येक प्राण्याला नेमके दोन शब्द, एक वंशाचा, एक जातीचा, आणि दुसऱ्या शब्दाने काही वर्णन केलंच पाहिजे असं नाही. तो नुसता टिळा. आज आपल्याला हे उघड वाटतं. तेव्हा ती अनेकांतली एक पद्धत होती. प्राण्यांच्या नावांचा हिशेब 1758पासून धरायचा, हे तर पुढे सुमारे दीडशे वर्षांनी ठरलं. जो नियम अजून झालाच नव्हता त्यात बसला नाही म्हणून ब्रिसाँच्या जातींची सगळी नावं एका फटक्यात बाद झाली.

वंशांचं मात्र उलटं झालं. त्याची वंशनावं एकशब्दी, नेमकी आणि लक्षणं सांगून दिलेली होती. बहुतेक वंशात पहिला पक्षी वंशाच्याच नावाचा ठेवायची त्याची रीत होती. तो त्या वंशाचा नमुना, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे. 1911 साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निवाडा दिला की 1760च्या ग्रंथातले ब्रिसाँचे वंश ग्राह्य धरावेत. माणसाची निम्मी मिळकत जप्त आणि निम्मी कायम, असा हा विचित्र निकाल.

कायम राहिलेल्या निम्म्यात काय काय आहे? करकोच्याचा सिकोनिया. शेकाट्याचा हिमँटोपस, म्हणजे वादीसारख्या पायांचा; उजनीच्या काठावर त्या लाल काटक्यांवर चालणारा शेकाट्या पाहिलेल्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. जांभळ्या पाणकोंबडीचा पॉर्फिरिओ. लांब वाकड्या चोचीच्या कुरवाचा न्युमेनियस. गरुडाचा अक्विला. आणि टिटवीचा व्हॅनेलस.

1756च्या त्या पहिल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती 1762ची, आणि तिचा खटला आणखी लांबला. 1998 साली आयोगाने ते पुस्तक नामकरणासाठी अग्राह्य ठरवलं, पण त्यातली अकरा वंशनावं इतकी रूढ झाली होती की ती वेगळी काढून वाचवली. ही अकरा वाचताना ब्रिसाँची नजर दिसते. लिनियसने तरसाला कुत्र्याच्या वंशात घातलं होतं, ब्रिसाँने हायना हा स्वतंत्र वंश केला. आणि खरोखरच तरस कुत्र्यापेक्षा मांजरकुळाला जवळचं आहे. जिराफ लिनियसकडे हरणांत होता, टेपीर पाणघोड्यात, पाणमांजर मुंगसासारख्या लांबट अंगाच्या विझल-मार्टेनच्या वंशात, बिज्जू (बॅजर) अस्वलांत. ब्रिसाँने प्रत्येकाला वेगळं घर दिलं: जिराफा, टेपिरस, लुट्रा, मेलेस. आपल्या वडापिंपळावर उलटं लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळाचा टेरोपस हा वंशही त्याचाच, अर्थ पंखाच्या पायाचा.

माझं मत विचाराल तर हा निवाडा अन्यायाचा नाही. नावं ठेवण्यात लिनियस खरोखरच सरस होता. दोन शब्दांचा टिळा लक्षात राहतो, परिच्छेदाचा राहत नाही. पण वंश पाडायला, म्हणजे 'हे एकत्र, ते वेगळं' हे ठरवायला, प्राणी हातात धरून बघावा लागतो. तिथे ब्रिसाँचं पारडं पुष्कळदा जड भरतं.

कपाट गेलं

1757च्या ऑक्टोबरात रेओम्यूर घोड्यावरून पडून वारला. संग्रह त्याने विज्ञान अकादमीला ठेवला होता. पण राजाच्या उद्यानाचा आणि संग्रहालयाचा कारभारी होता ब्यूफाँ, रेओम्यूरचा जुना प्रतिस्पर्धी. त्याने खटपट करून सगळा संग्रह आपल्या संग्रहालयात हलवून घेतला आणि ब्रिसाँच्या हातून कपाटाच्या किल्ल्या गेल्या. पक्ष्यांचे सहा खंड त्यानंतर तीन वर्षांनी छापले गेले, मुख्यतः आधी करून ठेवलेल्या टिपणांच्या जोरावर.

ब्यूफाँला वर्गीकरणाच्या चौकटींचा मुळातच तिटकारा. निसर्ग सलग असतो, कप्पे माणसाने पाडलेले, असं त्याचं म्हणणं. पण 1770पासून त्याने पक्ष्यांचे स्वतःचे खंड काढायला घेतले तेव्हा ब्रिसाँची वर्णनं त्याला पदोपदी लागली, आणि चित्रांसाठीही तोच मार्तिने.

ब्रिसाँने प्राण्यांवर पुढे काही मोठं लिहिलं नाही. तो पदार्थविज्ञानाकडे वळला, नाव्हार कॉलेजात शिकवू लागला, शेकडो पदार्थांची विशिष्ट गुरुत्वं मोजून 1787 साली ग्रंथ काढला, क्रांतीनंतर दशमान वजनमापांच्या कामातही होता. मोजपट्टी सुटली नाही, पक्षी सुटले. 1806 साली तो वारला. शेवटच्या दिवसांत झटका येऊन त्याची सगळी विद्या पुसली गेली, फ्रेंचसुद्धा, आणि लहानपणीच्या गावबोलीतले चार शब्द तेवढे उरले, असं सांगतात.

गोव्याची टिटवी

ब्यूफाँच्या ग्रंथासाठी मार्तिनेने कोरलेल्या चित्रांत आपली नेहमीची, चोचीच्या मुळाशी लाल कातडीची टिटवी 'गोव्याची टिटवी' म्हणून आहे. या चित्राला शास्त्रीय नाव नव्हतं. 1783 साली बोडार्ट या डच माणसाने ते दिलं. म्हणून या टिटवीचं शास्त्राच्या दप्तरी मूळ गाव आहे गोवा. पत्ता या खेपेला बरोबर.

तिचं आजचं नाव व्हॅनेलस इंडिकस. व्हॅनेलसच्या मुळाशी लॅटिनमधला व्हॅनस हा शब्द आहे. त्याचा अर्थ धान्य पाखडायचं सूप. व्हॅनेलस म्हणजे छोटं सूप, पंखांच्या त्या रुंद, सावकाश फडफडण्यावरून. युरोपातल्या टिटवीचं हे जुनंच नाव उचलून ब्रिसाँने वंशाला दिलं. आपल्याकडच्या कुठल्याही पाणथळीवरच्या फलकावर ते नाव वाचायला मिळतं आणि त्यापुढे कंसात असतं (बोडार्ट, 1783). वंश कुणी केला ते तिथे लिहायची पद्धत नाही.